मान, डोके आणि जबडा : दुखते कुठे, बिघडते कुठे

(टेंभुर्णी येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

मानेच्या वरच्या भागातून निघणाऱ्या वेदना आणि कपाळ, डोळे, दात, जबडा यांच्याकडून येणाऱ्या वेदना मेंदूकडे जाताना एकाच जागी पोहोचतात. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचे केंद्र मस्तिष्कस्तंभापासून खाली मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या टोकापर्यंत उतरलेले असते, आणि मानेच्या पहिल्या तीन मज्जातंतूंचे धागे तिथेच येऊन मिळतात. टेंभुर्णीच्या चौकात पुण्याची, सोलापूरची, पंढरपूरची आणि लातूरकडची वाहने एकत्र होतात. तिथून पुढे निघालेली गाडी मुळात कुठून आली हे नुसते बघून सांगता येत नाही. मेंदूचीही तशीच फसगत होते. मानेच्या सांध्यातला बिघाड कपाळावर दुखतो, चावण्याच्या स्नायूचा ताण कानात ठणकतो, दाढेची कळ कानशिलात जाते आणि अर्धशिशीचा झटका सुरू होण्याआधी मान आखडते.

याचा व्यवहारातला परिणाम असा की एकाच दुखण्यासाठी माणूस तीन दारे हिंडतो. मानेसाठी हाडांचे डॉक्टर, डोक्यासाठी चष्म्याचे दुकान किंवा नाक-कान-घशाचे तज्ज्ञ, जबड्यासाठी दंतवैद्य. प्रत्येक जण आपापला भाग तपासतो, प्रत्येक ठिकाणी काहीतरी थोडेफार सापडतेच, आणि तिन्ही चिठ्ठ्यांवर वेदनाशामक गोळी असते. या तीन दुखण्यांकडे एकत्र पाहिले तर त्यांतले बरेचसे साधे निघते, आणि जे साधे नसते ते लवकर वेगळे काढता येते.

ही तिन्ही एकत्र येतात हे निरीक्षण काही नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या अनंतवात या प्रकारात मानेच्या मागच्या बाजूची तीव्र वेदना, डोळा-भुवई-कानशिलाकडे सरकणारे दुखणे आणि जबडा धरणे, असे सगळे एकाच वर्णनात आहे. कारणमीमांसा अर्थातच त्या काळाची आहे. पण रुग्ण नीट पाहिलेला आहे.

प्रमाण मोठे आहे. 2020 साली जगभरात सुमारे 20 कोटी 30 लाख लोकांना मानदुखी होती असा अंदाज आहे. डोकेदुखीच्या विकारांनी 2021 मध्ये सुमारे 310 कोटी लोकांना, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या 40 टक्क्यांना, ग्रासले होते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकात, बंगळूर आणि परिसरातल्या शहरी व ग्रामीण घरांत फिरून केलेल्या पाहणीत वर्षभरात डोके दुखल्याचे सांगणारे 63.9 टक्के निघाले आणि अर्धशिशीचे निदान 25.2 टक्क्यांत झाले. म्हणजे चौघांत एक. हे प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे.

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्यावर साडेचार ते पाच किलोंचे डोके तोललेले असते. पहिला मणका कवटीला आधार देतो, दुसऱ्याच्या खुंटीभोवती तो फिरतो. मान डावी-उजवीकडे वळवण्याच्या हालचालीचा जवळजवळ अर्धा भाग या दोघांमध्येच होतो. खालच्या मणक्यांमध्ये चकत्या असतात, ज्यांना बोलीत गादी म्हणतात. मागच्या बाजूला दोन्हीकडे छोटे सांधे, आणि या साऱ्याला धरून ठेवणारे स्नायूंचे थर. कवटीच्या तळाशी असलेले बोटभर लांबीचे स्नायू डोक्याचा तोल दिवसभर सावरतात. मान सतत पुढे काढून बसल्यावर ते थकतात, आणि त्यांचे थकणे डोक्याच्या मागे पट्टा आवळल्यासारखे जाणवते.

मानदुखीच्या बहुसंख्य रुग्णांत बोट ठेवून दाखवता येईल असा एकच बिघाड सापडत नाही. सकाळी उठताना मान धरणे, ती एका बाजूला न वळणे, खांद्यापर्यंत ओढ लागणे हा स्नायू आणि छोट्या सांध्यांचा प्रश्न असतो. तो बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत ओसरतो, आणि बऱ्याच जणांत पुन्हा उद्भवतोही. चुकीची उशी, रात्रीची अपुरी झोप, कामाचा ताण, घरातली काळजी यांचा त्यात वाटा असतो. काळजीचा वाटा ऐकायला कमीपणाचा वाटतो म्हणून रुग्ण तो सांगत नाही, आणि घाईत असलेले डॉक्टर विचारत नाहीत.

टेंभुर्णीच्या परिसरात मानेवर येणारे ओझे शहरातल्यापेक्षा वेगळे आहे. उजनी धरणाच्या पाण्यावर माढा तालुक्यात ऊस वाढला, पिंपळनेरच्यासारखे साखर कारखाने उभे राहिले, आणि दरवर्षी गळीत हंगामात बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या येऊ लागल्या. कोयता खाली ठेवल्यावर खरे मानेचे काम सुरू होते. तोडलेल्या उसाची मोळी बांधायची, डोक्यावर चुंबळ ठेवायची, वाकून किंवा दुसऱ्याच्या हाताने मोळी वर घ्यायची आणि फळीवरून चढत ट्रकमध्ये किंवा ट्रॉलीत टाकायची. तीस-चाळीस किलोंची मोळी, म्हणजे डोक्याच्या स्वतःच्या वजनाच्या सातआठ पट. सपाट जमिनीवर तोल सांभाळून चालताना मान हे वजन बऱ्यापैकी पेलते. घात होतो तो मोळी उचलताना, फळीवर पाय सरकताना आणि वर पोहोचून एका झटक्यात डोके काढून घेताना. घाना देशात डोक्यावरून ओझे वाहणाऱ्या 225 जणांची आणि न वाहणाऱ्या 80 जणांची तुलना 1994 मध्ये प्रसिद्ध झाली. मानेच्या मणक्यांची झीज पहिल्या गटात सुमारे 64 टक्के, तर दुसऱ्यात 36 टक्के होती.

यावर उपाय सांगणे सोपे आहे. मोळी लहान बांधावी, उचलायला दोघांनी हात लावावा, फळी रुंद आणि कमी चढाची असावी, चुंबळ जाड असावी. पण मजुरी टनावर मिळते. लहान मोळी म्हणजे जास्त खेपा, आणि जास्त खेपा म्हणजे रात्री गाडी भरून व्हायला उशीर. मानेच्या आरोग्याचा हा प्रश्न दवाखान्यात फार थोडा सुटतो, टोळीच्या मुकादमाच्या हिशेबात जास्त. ऊसतोडणी यंत्रांमुळे काही फडांतून मोळी वाहणे कमी होत आहे; त्यासोबत मजुरीही कमी होते, हा दुसरा विषय.

ट्रॅक्टरचालकाची मान वेगळ्या तऱ्हेने दुखते. नांगर किंवा रोटाव्हेटर चालू असताना त्याला दर काही क्षणांनी मागे वळून पाहावे लागते, बहुधा एकाच खांद्यावरून, आणि त्याच वेळी बसण्याच्या जागेतून अंगाला हादरे बसत असतात. वळलेल्या मानेला बसणारा हादरा सरळ मानेपेक्षा जास्त बोचतो. मोठा आरसा लावणे आणि वळायचे तेव्हा नुसती मान न वळवता कंबरेतून वळणे, एवढ्यानेही फरक पडतो. महामार्गावरच्या मालट्रकचालकांना तासन्‌तास एकाच स्थितीत बसणे आणि तुटपुंजी झोप या दोन्ही गोष्टी नडतात. औद्योगिक वसाहतीत यंत्रासमोर मान खाली घालून उभे राहणाऱ्यांची तक्रारही याच जातीची.

मोबाइलला मात्र वाजवीपेक्षा जास्त बदनाम केले जाते. मान 60 अंश वाकवली की मणक्यांवर 27 किलोंचा भार येतो, हा सर्वत्र फिरणारा आकडा 2014 मध्ये संगणकावर केलेल्या गणिताचा आहे. जिवंत माणसाच्या मानेत मोजलेला नाही. मोबाइलचा तोटा मान वाकण्यापेक्षा मान एकाच जागी थिजण्यात आणि रात्रीची झोप खाण्यात जास्त आहे. बरोबर बसण्याची एकच एक पद्धत नसते. अर्ध्या तासाने बदललेली बैठक हीच चांगली बैठक.

एक्स-रे किंवा एमआरआयचा कागद हातात पडला की ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’ हे शब्द घरात येतात आणि ठाण मांडून बसतात. जपानमधील नागोया येथे मानेचा काहीही त्रास नसलेल्या 1,211 लोकांचे एमआरआय काढण्यात आले, त्यांतल्या 87.6 टक्क्यांत चकती बाहेर फुगलेली दिसली. विशीतल्या बहुतेकांतही ती होती. केस पिकावेत तसे मणके झिजतात. म्हणून घानातल्या ओझेवाल्यांची झीज खरी असली तरी झीज म्हणजे दुखणे असे समीकरण मांडता येत नाही, आणि नुसत्या दुखणाऱ्या मानेसाठी पहिल्याच भेटीत एमआरआय काढणे हा बहुतेकदा पैशाचा आणि मनःशांतीचा अपव्यय असतो.

फोटो काढावा लागतो तो वेगळ्या लक्षणांसाठी. मज्जातंतूचे मूळ दाबले गेले तर कळ मानेतून दंडात आणि बोटांपर्यंत उतरते: अंगठ्याकडे मुंग्या आल्या तर सहावा मज्जातंतू, मधल्या बोटाकडे सातवा, करंगळीकडे आठवा, असा साधारण हिशेब आहे. हीसुद्धा बहुतेकांत शस्त्रक्रियेशिवाय काही आठवड्यांत ते महिन्यांत निवळते. खरी काळजी असते ती मज्जारज्जू दाबला जाण्याची, आणि गंमत म्हणजे त्यात मान फारशी दुखतही नाही. शर्टाची बटणे लावता येईनाशी होतात, भाकरी थापताना हात साथ देत नाहीत, पायातली चप्पल चालता चालता निसटते आणि कळत नाही, अंधारात तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही. वयोमान म्हणून हे सोडून दिले की गमावलेली ताकद शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण परत येत नाही. मानदुखीसोबत रोज संध्याकाळी ताप आणि वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षयरोग, आणि पूर्वी कर्करोग झालेला असेल तर त्याचा प्रसार, हे दोन्ही आधी वगळावे लागतात.

साध्या मानदुखीचा उपचार हालचाल हाच आहे. पहिले दोनतीन दिवस शेक आणि गरजेपुरती गोळी, आणि त्यानंतर दुखत असले तरी मान हळूहळू सर्व दिशांना फिरवत राहणे. व्यायाम अवघड नाही. भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, नजर सरळ ठेवून हनुवटी मागे घ्यायची, जणू दुहेरी हनुवटी करायची आहे, पाच मोजेपर्यंत धरायचे आणि सोडायचे. मग तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हातावर हलका दाब द्यायचा, पण डोके हलू द्यायचे नाही. तसेच दोन्ही बाजूंनी आणि मागून. त्याच्या जोडीला खांदे मागे खेचण्याचा व्यायाम. मानेचे आणि खांद्याचे स्नायू बळकट करणारे हे व्यायाम दोनतीन महिने नेमाने केले तर दुखणे कमी होते, याला चांगला पुरावा आहे. मानेचा पट्टा अपघातानंतर किंवा तीव्र कळ असताना काही दिवसांपुरता ठीक; महिनोन्‌महिने वापरला की स्नायू आळशी होतात. मानेला वजन लावून ताण देण्याने काहींना बरे वाटते, टिकाऊ फायदा मात्र थोड्यांनाच होतो.

एक प्रथा स्पष्टपणे धोक्याची आहे. केस कापून झाल्यावर डोक्याची मालिश, आणि मालिशीच्या शेवटी हनुवटी धरून मान दोन्हीकडे कडकन मोडणे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. अचानक पिळ्याने त्यांचे आतले अस्तर फाटून गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. केस धुताना मान बेसिनवर मागे लोंबकळत राहिल्याने असे झटके आलेल्या पाच रुग्णांची नोंद 1993 साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आली होती. प्रकार विरळ आहे. पण मालिश मान न मोडताही पूर्ण होते.

मानेतून निघणारी डोकेदुखी ओळखण्याची खूण अशी: ती एकाच बाजूला राहते, मानेच्या मागून सुरू होऊन कपाळाकडे येते, मानेच्या ठरावीक हालचालीने किंवा ठरावीक जागा दाबल्याने वाढते, आणि मान त्या बाजूला पूर्ण वळत नाही. या डोकेदुखीवर मानेचाच उपचार चालतो. पण मान दुखते आणि डोकेही दुखते एवढ्यावरून डोकेदुखी मानेची ठरत नाही, कारण अर्धशिशीच्या बहुतेक रुग्णांत झटक्याच्या वेळी मान दुखतेच. अशा रुग्णाला मानेचा एक्स-रे, पट्टा आणि ‘स्पाँडिलायटिस’चा शिक्का मिळतो आणि अर्धशिशी वर्षानुवर्षे उपचारांविना राहते. हा घोटाळा सर्रास घडतो, स्त्रियांच्या बाबतीत विशेष.

अर्धशिशी नेहमी अर्ध्याच डोक्यात असते असे नाही. ठणके, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणे, जिना चढताना दुखणे वाढणे, चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालणारा झटका, अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटणे ही तिची ओळख. काहींना आधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा दिसतात. सोलापूर जिल्ह्यातला एप्रिल-मेचा उन्हाळा, उपाशीपोटी शेतात काम, एकादशीचा कडक उपवास, रोजच्या वेळेचा चुकलेला चहा, जागरण, मासिक पाळी: झटका यांतल्या कशानेही येतो, आणि बहुधा एकाने नव्हे तर दोघातिघांच्या संगनमताने. याच्या उलट, साध्या तणावाच्या डोकेदुखीत डोके आवळल्यासारखे होते, ठणकत नाही, उलटी होत नाही आणि माणूस काम करू शकतो.

डोकेदुखीची तीन लोकप्रिय कारणे प्रत्यक्षात फार क्वचित कारणे असतात. ‘सायनस’ आहे असे सांगणाऱ्या सुमारे 3,000 अमेरिकन रुग्णांची 2004 मध्ये तपासणी झाली तेव्हा त्यांतल्या 88 टक्क्यांना प्रत्यक्षात अर्धशिशीसारखी डोकेदुखी होती. अर्धशिशीतही नाक गळते आणि गालाची हाडे जड होतात. चष्म्याचा नंबर हे आणखी एक. तिसरे रक्तदाब. थोडाफार वाढलेला रक्तदाब डोके दुखवत नाही, आणि त्यामुळेच तो मुकाट्याने इजा करतो. 180 च्या पुढे एकदम चढला तरच डोकेदुखीशी त्याचा संबंध येतो. डोके दुखल्यावरच रक्तदाबाची गोळी घ्यायची, ही सवय म्हणून दोन्ही बाजूंनी चुकीची.

उपचारात वेळेला महत्त्व आहे. झटक्याच्या सुरुवातीलाच पुरेशा मात्रेत घेतलेली आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन किंवा पॅरासिटॅमॉल उपयोगी पडते. झटका पूर्ण भरात आल्यावर पोटच गोळी नीट शोषून घेत नाही. त्यांनी भागले नाही तर सुमाट्रिप्टान जातीची औषधे आहेत, हृदयविकार असलेल्यांना मात्र ती चालत नाहीत. महिन्यात चार किंवा अधिक दिवस वाया जात असतील तर रोज घेण्याची प्रतिबंधक औषधे द्यावीत: प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट. दम्याच्या रुग्णाला यांतले पहिले नको, गरोदरपणात शेवटचे नको. त्यांचा गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि रुग्ण पंधराव्या दिवशीच ती बंद करतो, ही नेहमीची अडचण. रोजनिशी ठेवली तर ती कमी होते. कॅलेंडरच्या चौकटीत डोके दुखले त्या दिवशी फुली आणि गोळी घेतली त्या दिवशी गोल, एवढी पुरे.

ही रोजनिशी आणखी एक गोष्ट उघडी करते. किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे टांगलेली असतात. अर्धशिशी किंवा तणावाची डोकेदुखी असलेल्या माणसाने साध्या गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांवर घेतले तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. डोके रोज दुखते, रोज गोळी लागते, गोळीचा असर उतरला की पुन्हा दुखते. मूत्रपिंड आणि जठर यांचे नुकसान वेगळेच. उपाय एकच: गोळ्या थांबवणे, आणि सोबत प्रतिबंधक औषध. पहिला आठवडा-दीड आठवडा त्रास वाढतो. तो वाढणार हे आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात जाऊन सुई घेतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

काही डोकेदुख्यांत थांबायला वेळ नसतो. विजेसारखी अचानक, मिनिटाभरात टोकाला गेलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी मेंदूभोवतालच्या रक्तस्रावाची असू शकते. तापासोबत मान लाकडासारखी कडक होणे आणि हनुवटी छातीला न टेकणे मेंदूज्वराचे लक्षण आहे. क्षयरोगाचा मेंदूज्वर मात्र आठवडा-दोन आठवडे नुसते डोके दुखवत हळूहळू येतो. डोकेदुखीनंतर आकडी आली तर आपल्याकडे मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठींचाही विचार करावा लागतो. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, खोकताना किंवा पहाटे वाढणारी, बोलणे अडखळवणारी, एक हात-पाय लुळा पाडणारी, बाळंतपणानंतर काही दिवसांत आलेली, दुचाकीवरून पडल्यावर वाढत जाणारी: या साऱ्यांसाठी तालुक्याच्या गावी न थांबता सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते.

जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. तिथे बोट ठेवून तोंड उघडले की तो सरकताना हाताला लागतो. शरीरातल्या थोड्याच सांध्यांना एकाच वेळी फिरायचे आणि पुढे घसरायचेही काम असते, आणि डावा-उजवा जोडीनेच हलतात. दोघांमध्येही चकती असते. 1934 मध्ये जेम्स कॉस्टेन या अमेरिकन नाक-कान-घसा तज्ज्ञाने कानदुखी, डोकेदुखी आणि या सांध्याचा संबंध मांडला आणि दोष दातांच्या बसण्याला दिला. पुढची कित्येक दशके दात घासून, पाडून, बसवून जबडा सुधारण्याचे प्रयत्न झाले. आज त्या मताला फारसा आधार उरलेला नाही. दुखणे बहुतेकांत सांध्यापेक्षा चावण्याच्या स्नायूंत असते.

स्वस्थ तोंडात ओठ मिटलेले असले तरी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत. खाणे आणि गिळणे सोडले तर त्यांच्यात दोनतीन मिलिमीटरची फट असते. दिवसभर दात आवळून धरण्याची सवय असलेल्यांना आणि झोपेत दात खाणाऱ्यांना सकाळी गाल जड वाटतो, कानशिले दुखतात, जांभई देताना कळ येते. पुष्कळांना ही सवय असल्याचे ठाऊकही नसते. विचारल्यावर, त्याच क्षणी, दात टेकलेले सापडतात. जबडा उघडताना ‘टक’ असा आवाज पुष्कळ निरोगी लोकांत येतो आणि तो दुखत नसेल तर त्यावर काहीही करायचे नसते. तोंड उघडेच राहून जबडा निखळला तर घाबरून ओढाताण न करता दवाखान्यात जावे. तो हाताने बसवता येतो.

उपचार पुन्हा साधाच. मऊ आहार, दोन्ही बाजूंनी चावणे, जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरणे, गालाला शेक, बोटांनी गालाच्या स्नायूची मालिश, जिभेचे टोक टाळूला लावून तोंड हळू उघडण्याचा व्यायाम आणि त्याच्या जोडीला मानेचे व्यायाम. 2023 च्या अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी जबड्याचे व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि वेदनेशी जुळवून घेण्याचे समुपदेशन यांनाच पहिले स्थान दिले, आणि परत फिरता येणार नाही अशा उपचारांविरुद्ध सल्ला दिला. रात्री दातांवर चढवायचे प्लॅस्टिकचे आवरण दात झिजण्यापासून वाचवते, दुखण्यावर त्याचा गुण बेताचाच. चांगल्या दाढा मात्र जबडा दुखतो म्हणून काढू नयेत. चेहऱ्यावर वाऱ्याची झुळूक लागली, दात घासले, घास घेतला की विजेचा झटका बसल्यासारखी क्षणभराची कळ येणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियात हे अनेकदा घडते. एक दाढ जाते, मग दुसरी, कळ तिथेच. तिला कार्बामाझेपिन हे औषध लागते.

जबडा न उघडण्याचे या भागातले मोठे कारण मात्र सांध्यात नसून गालाच्या आत आहे. सुपारी, चुना आणि तंबाखू घोटून केलेला मावा, गुटखा, किंवा नुसती सुपारी तासन्‌तास गालात धरली की सुपारीतल्या अरेकोलीनसारख्या द्रव्यांमुळे गालाच्या अस्तराखाली तंतूंचा थर साचत जातो आणि गाल चामड्यासारखा ताठ होतो. 1952 मध्ये केनियातल्या भारतीय स्त्रियांत या विकाराचे पहिले वर्णन झाले आणि 1953 मध्ये मुंबईत जोशी यांनी त्याची नोंद केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पथकाने महाराष्ट्रातील 1,01,761 ग्रामस्थांची तोंडे तपासून 1972 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोंडाच्या कर्करोगापूर्वीच्या अवस्थांचा आपल्या खेड्यांतला तो पायाभूत अभ्यास आहे. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै 2012 पासून बंदी आहे. टपरीवर मावा मात्र अजून घोटला जातो, आणि 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले सुमारे 24 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. घरातली मिश्री त्यातच आली.

सुरुवात तिखटाने होते. रोजचा ठेचा अचानक तोंडाला झोंबू लागतो. मग गालाच्या आत पांढरट पट्टे, फुगा फुगवता न येणे, शिट्टी न वाजणे. घरच्या घरी तपासणी सोपी आहे: तर्जनी, मधले आणि अनामिका ही स्वतःची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांत घालावीत. निरोगी तोंड सुमारे 40 ते 50 मिलिमीटर उघडते आणि तीन बोटे आरामात मावतात. दोनच मावली तर उशीर सुरू झाला आहे, आणि एकच मावले तर भाकरीचा तुकडाही मोडून भरावा लागतो. केरळमधील रुग्णांवर 17 वर्षे लक्ष ठेवले असता या विकाराच्या 7.6 टक्के रुग्णांत कर्करोग झाला. सुपारी पूर्ण सोडणे हा पहिला उपचार, आणि त्यावाचून बाकीचे सर्व वाया. त्यानंतर गालात स्टिरॉइड व हायल्युरोनिडेजची इंजेक्शने, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये रोज एकेक वाढवत जबडा उघडण्याचा व्यायाम, आणि फारच आवळले असेल तर तंतुपट्टे कापून तिथे दुसरीकडची त्वचा किंवा गालातली चरबी बसवण्याची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेनंतर काड्यांचा व्यायाम चुकवला की तोंड पुन्हा मिटते. एकदा ताठरलेला गाल पूर्ववत होत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी तोंडाची तपासणी कायम ठेवावी लागते.

जबड्यात दुखते पण जबड्याचे नसते, अशी आणखी एक वेदना आहे. चालताना किंवा उसाच्या फडात काम करताना खालच्या जबड्यात, गळ्यात आणि डाव्या हातात दाटून येणारी, थांबल्यावर कमी होणारी कळ हृदयाची असते. छातीत न दुखता नुसत्या जबड्यात आलेला हृदयविकाराचा झटका स्त्रियांत आणि मधुमेहींत चुकवला जातो. घाम, धाप, मळमळ सोबत असेल तर दंतवैद्याची वेळ घ्यायची नाही; 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची आणि ॲलर्जी नसेल व पूर्वी रक्तस्राव झालेला नसेल तर ॲस्पिरिनची 300 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यायची. साठीच्या पुढे गेलेल्या माणसाला चावता चावता जबडा थकून दुखत असेल आणि कानशिलाची शीर ताठ लागत असेल तर तिथल्या धमनीला सूज असते. आपल्याकडे हा आजार कमी आढळतो, पण उपचारांविना दृष्टी कायमची जाते.

आणि शेवटी दातखीळ. उसाच्या खोडव्याचा खुंट पायात घुसला, शेणामातीत जखम झाली, आठवडाभराने तोंड उघडेना, गिळता येईना, मान मागे ताठ ओढली जाऊ लागली, तर तो धनुर्वात. जबडा आणि मान हीच त्याची पहिली जागा, आणि त्याला अतिदक्षता विभागच लागतो. लहानपणच्या लसींनंतर राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात धनुर्वात-घटसर्पाची मात्रा दहाव्या आणि सोळाव्या वर्षी, तसेच गरोदरपणात मिळते. त्यानंतर दर दहा वर्षांनी ती पुन्हा घ्यायची असते. माती लागलेली खोल जखम असेल आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर ती जखमेच्या दिवशीच घ्यायची. शेवटची मात्रा कधी घेतली हे आठवत नसेल तरीही.